चर्चच्या प्राथमिक शाळेचा दर्जा ओळखायचा कसा?

डिसेंबर संपत आला की आमच्या सांगली-मिरजेत ज्यांच्या घरात तीन-चार वर्षांचं पोरगं आहे त्या घरात एकच विषय, शाळा कुठली. आणि त्यात एक वाक्य हमखास येतंच, "मिशनच्या शाळेत नंबर लागला तर बघा, शिक्षण चांगलं असतंय तिथलं." चांगलं म्हणजे काय असं विचारलं की शिस्त आहे, इंग्लिश चांगलं आहे, सिस्टर कडक आहेत, युनिफॉर्म बघा कसा टापटीप असतो अशी उत्तरं येतात. यातलं काही खोटं नाही. पण यातल्या एकाही उत्तरातून हे कळत नाही की तिथलं तिसरीतलं मूल पुस्तक उघडून स्वतःचं स्वतः वाचतं का आणि वाचलेलं त्याला कळतं का. पहिली ते चौथीच्या शाळेचा दर्जा माझ्या मते तिथेच ठरतो, आणि तोही वर्गातल्या पहिल्या पाच मुलांवरून नाही तर शेवटच्या पाच मुलांवरून. तेच जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. चर्चची शाळा ही एकाच प्रकारची नसते. एक म्हणजे जुन्या मिशनच्या मराठी माध्यमाच्या शाळा, यातल्या बऱ्याच अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकारकडून, बालभारतीची पुस्तकं, पोषण आहार, आणि चालवणारी संस्था चर्चशी जोडलेली. दुसऱ्या कॅथलिक सिस्टर किंवा फादर लोक चालवतात त्या इंग्लिश मीडियमच्या, ज्यांना आपण कॉन्व्हेंट म्हणतो. तिसऱ्या पाचगणीच्या किमिन्स, सेंट जोसेफ्स, सेंट पीटर्स यांसारख्या इंग्रजांच्या काळापासूनच्या निवासी शाळा, त्यांचं जग वेगळं आणि फीही वेगळी, त्या इथे बाजूला ठेवू. आणि चौथा प्रकार म्हणजे नावात कॉन्व्हेंट आहे पण मागे चर्चच नाही, कुणीतरी खासगी संस्था काढून दोन मजली बिल्डिंगमध्ये सुरू केलेली शाळा. तर पहिला प्रश्न हाच, शाळा चालवणारा ट्रस्ट कोणता आणि मान्यता कसली. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला 11 आकडी यू-डायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीचा नंबर, असतो, तो मागून घ्या आणि सरकारच्या वेबसाईटवर टाका, मुलं किती, शिक्षक किती, अनुदान आहे की नाही हे घरबसल्या दिसतं.

आता मिशनच्या शाळांना हे नाव मिळालं कुठून, ते बघितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1824 मध्ये त्यांनी तिथे मुलींची शाळा काढली, त्या काळात मुलींना शिकवायचं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण अहमदनगरला याच अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या संस्थेत घेतलं असं सांगितलं जातं. इकडे मिरजेत मिशनचे डॉक्टर वानलेस यांनी दवाखाना उभा केला, त्यांच्या नावाचं हॉस्पिटल आणि वानलेसवाडी आपण रोज बघतो. या प्रोटेस्टंट मिशनची एक ठाम समजूत होती की प्रत्येक माणसाने, मग तो कुठल्याही जातीचा असो, बाई असो नाहीतर पुरुष, बायबल स्वतः वाचलं पाहिजे, आपल्या भाषेत वाचलं पाहिजे. म्हणजे धर्मप्रसार हा हेतू होताच, तो लपवायचं कारण नाही, पण त्यामुळे झालं असं की शाळेचं यश मोजायची पट्टी एकदम साधी ठरली, मूल वाचतंय की नाही. आणि ज्यांच्या घरात आधी कुणीच शिकलेलं नाही अशीच मुलं त्यांच्याकडे यायची, त्यामुळे घरी आई अभ्यास घेईल असं गृहीत धरायची सोयच नव्हती, जे काय शिकवायचं ते शाळेतच शिकवावं लागायचं.

हे महत्त्वाचं का? कारण आज बऱ्याच नावाजलेल्या शाळांमध्ये, आणि त्यात चर्चच्या शाळाही आल्या, बरोबर उलटं चाललंय. आई-बाप दोघं शिकलेले, घरात इंग्लिश पुस्तकं, संध्याकाळी ट्यूशन, अशी मुलं आली की रिझल्ट आपोआप चांगला लागतो, मग शाळेने वर्गात काहीही केलं तरी. ॲडमिशनच्या वेळी पालकांनाच प्रश्न विचारून निवड करायची आणि नंतर म्हणायचं आमच्याकडची मुलं हुशार असतात. दुसरीतल्या वर्गातली सगळी पोरं जर क्लासला जात असतील तर तो रिझल्ट शाळेचा की क्लासवाल्या बाईंचा? म्हणून मी म्हणते की ज्याच्या घरी कुणी शिकवणारं नाही त्या मुलाचं शाळा काय करते तेवढंच बघा, शाळेचं स्वतःचं काम तेवढंच दिसतं.

आता मुख्य विषय, वाचणं म्हणजे काय.

माझ्या शेजारी तिसरीतली एक मुलगी आहे, इंग्लिश मीडियममध्ये, शाळेचं नाव घेत नाही. ती पुस्तकातला धडा घडाघडा वाचते, "द फार्मर टूक हिज बुलक्स टू द रिव्हर." आई एकदम खूश. मी तिला विचारलं, शेतकरी कुठे गेला ग? गप्प. बरं, सोबत काय नेलं त्याने? परत गप्प, आणि मग तिने तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं, आधीपेक्षा जोरात. बुलक्स म्हणजे बैल हे तिला माहीतच नव्हतं, आणि बैल तर तिच्या आजोळी, तासगावला, दारात बांधलेले असतात.

याचं फार सोपं स्पष्टीकरण आहे. 1986 मध्ये गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी मांडलं की वाचून समजणं हे दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतं. एक म्हणजे अक्षरं ओळखून त्यांचा शब्द करता येणं, आणि दुसरी म्हणजे ती भाषा ऐकून कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एक जरी शून्य असेल तर उत्तर शून्य. गाडीला दोन बैल जुंपलेत आणि त्यातला एक खाली बसला तर दुसरा कितीही जोरकस असू दे गाडी हलत नाही, तसंच हे. आमच्या शेजारच्या पोरीचं अक्षर ओळखणं चांगलं होतं, भाषा नव्हती. झेडपीच्या शाळेतल्या कित्येक मुलांचं उलटं असतं, मराठी अख्खी तोंडात, गोष्ट सांगितली की सगळी कळते, पण जोडाक्षर आलं की अडखळतात. दोघंही वाचू शकत नाहीत पण औषध वेगळं लागतं, आणि चांगली बाई तीच जिला हा फरक दिसतो.

मराठीची एक सोय आहे की अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात, क म्हणजे क. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं यांना वेळ लागतो पण एकदा बसलं की मूल न पाहिलेला शब्दही वाचतं. इंग्लिशमध्ये तसं नाही, बी यू टी बट आणि पी यू टी पुट. त्यामुळे इंग्लिश वाचायला शिकवायला मुळातच जास्त वेळ लागतो, ज्यांच्या घरात इंग्लिश बोलतात त्यांनासुद्धा. मग ज्या लेकराच्या कानावर पहिली पाच वर्षं फक्त मराठी पडलंय, तेही आपलं सांगलीचं मराठी, त्याला पहिल्याच दिवशी इंग्लिश लिपी, इंग्लिश भाषा आणि इंग्लिशमधूनच गणित असं तिन्ही एकदम दिलं तर काय होणार? काही मुलं तरतात, ज्यांना घरून आधार आहे ती. बाकीची पाठ करतात. पाठांतर असं असतं की दोन-तीन वर्षं ते शिक्षणासारखंच दिसतं, पाचवीत विज्ञान आणि परिसर अभ्यासाची पुस्तकं जाड झाली की मग उघडं पडतं.

मी इंग्लिश मीडियमच्या विरोधात नाही. पालकांना इंग्लिश का हवंय ते मला पक्कं माहितीय, पुण्याला मुलाखतीला गेल्यावर काय होतं ते आपल्या सगळ्यांनी बघितलंय. पण आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातही शक्यतो मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून असं म्हटलंय, ते उगाच नाही. त्यामुळे इंग्लिश मीडियमची चर्चची शाळा बघायला गेलात तर एक प्रश्न नक्की विचारा, बालवाडीत आणि पहिलीत मूल मराठीत बोललं तर बाई काय करतात? मराठी बोललं म्हणून दंड किंवा पाटी गळ्यात, असलं काही ऐकलं तर माझ्या मते तिथून निघायचं. आणि बाई म्हणाल्या की हो, आम्ही मराठीत समजावतो आणि मग हळूहळू इंग्लिशवर नेतो, तर तिथे भाषा शिकवायचं डोकं आहे असं समजा. शिवाय 2020 च्या राज्याच्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, मग बोर्ड कुठलंही असो, तर मराठीचा तास खरंच होतो की नुसता टाइमटेबलवर आहे हेही विचारा.

पुढची गोष्ट वेळेची, आणि हे गणित पालकांनी एकदा करून बघावंच. पहिली ते पाचवीसाठी आरटीईच्या मापाने वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणं हवं, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला एक पिरियड धरा 35 मिनिटांचा. वर्गात 50 मुलं असतील आणि बाईंनी तो पूर्ण पिरियड फक्त एकेका मुलाचं वाचन ऐकण्यात घालवला तरी एकाच्या वाट्याला येतात 42 सेकंद. 30 मुलं असतील तर 70 सेकंद. कायद्यातलं प्राथमिकचं प्रमाण 30 मुलांमागे एक शिक्षक असं आहे ते याच कारणाने. नावाजलेल्या शाळेत गर्दी जास्त, तुकडीत पन्नास-साठ मुलं कोंबलेली, आणि आपल्याला वाटतं गर्दी आहे म्हणजे शाळा चांगली. उलट मिशनच्या काही मराठी शाळांत आज पट कमी झालाय, लोक इंग्लिशकडे गेले म्हणून, आणि तिथे वीस-बावीस मुलांमागे एक अनुभवी, डीएड झालेली बाई असते. बाहेरून रंग उडालेला दिसतो पण आत प्रत्येक मुलाला बाईंच्या टेबलाजवळ उभं राहून वाचायला मिळतं. अशी शाळा तुमच्या घराजवळ असेल तर नुसतं भिंतीकडे बघून नाही म्हणू नका.

आता वह्या. शाळा बघायला गेल्यावर कॉम्प्युटर लॅब दाखवतात, ती बघा, पण तिथे शिकणाऱ्या कुणाच्यातरी मुलाची वही मिळाली तर ती जास्त बघा. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वह्या शेजारी ठेवायच्या. दोन्हीकडे शब्दन्‌शब्द तेच उत्तर, तेच स्वल्पविराम, आणि खाली लाल बरोबरची खूण आणि गुड, तर समजा की ते फळ्यावरून उतरवलंय. त्यात मुलाचं स्वतःचं काहीच नाही. त्याऐवजी कुठेतरी मोडकं-तोडकं, चुकीच्या वेलांटीचं, पण मुलाने स्वतः रचलेलं वाक्य दिसलं, "काल आमच्या म्हशीला रेडकू झालं आणि मी रात्री झोपलो नाय", आणि बाईंनी त्याच्या खाली काहीतरी लिहिलंय, तर ती शाळा काम करतेय. सुंदर अक्षरातली निर्दोष वही पालकांना आवडते आणि शाळेला हे माहीत आहे, म्हणून तशा वह्या तयार होतात.

गणिताचंही तेच. 52 वजा 37 द्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला. बरीच मुलं 25 लिहितात. का, तर 2 मधून 7 जात नाहीत म्हणून ती 7 मधून 2 काढतात, पाच, आणि 5 मधून 3, दोन. मूल मठ्ठ नाहीये, त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय, मोठ्यातून लहान काढायचं. एक बाई त्यावर लाल फुली मारून पुढे जाते. दुसरी विचारते, कसं केलंस सांग बघू, आणि मग काड्यांचे दहाचे गठ्ठे काढून एक गठ्ठा सोडायला लावते, पाच गठ्ठे आणि दोन काड्यांचे चार गठ्ठे आणि बारा काड्या होतात हे मुलाच्या हातात येतं. दर्जा दर्जा म्हणतो तो एवढ्या छोट्या गोष्टीत असतो. त्याला स्मार्ट बोर्ड लागत नाही, काड्या लागतात आणि विचारायची सवय लागते.

कायद्याचं थोडक्यात. संविधानाच्या कलम 30 प्रमाणे ख्रिश्चनांसारख्या अल्पसंख्याक समाजाला आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, त्यात शिक्षक निवडणंही येतं. 2014 च्या प्रमती निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आरटीई कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, अनुदानित असो वा विनाअनुदानित. म्हणून 25 टक्के आरटीईच्या लॉटरीत या शाळा शोधू नका, तिथे त्या नसतात. सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांनी या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठापुढे जावा असं म्हटलंय. म्हणजे काय, तर शिक्षक पात्रता किंवा वर्गातली मुलं याबाबत कायदा बघून घेईल असं इथे धरून चालू नका, तुम्हालाच विचारावं लागेल. शिक्षिकांचं डीएड किंवा बीएड झालंय का, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास आहेत का, आणि किती वर्षं याच शाळेत आहेत. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. विनाअनुदानित शाळेत कमी पगारावर बाया ठेवतात आणि त्या दर दोन वर्षांनी बदलतात, त्यात पहिलीच्या मुलाला जूनमध्ये एक बाई आणि दिवाळीनंतर दुसरी, मग अक्षरओळख कुठपर्यंत आली होती हे कुणालाच माहीत नसतं. ॲडमिशनसाठी डोनेशन म्हणाल तर महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने त्याला बंदी आहे, चर्चची शाळा असली तरी पावती मागा.

धर्माबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात म्हणून उघडच सांगते. सकाळची प्रार्थना असते, नाताळला नाटक असतं, येशूच्या गोष्टी सांगतात. संविधानाच्या कलम 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. नको असेल तर तसं लेखी द्या, भांडायची गरज नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या हिंदू, मुस्लिम, जैन घरातली मुलं मिशनच्या शाळांत शिकून आली आहेत. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, ती म्हणजे कडक शिस्तीचं कौतुक. रांगेत चालणं, वेळेवर येणं हे चांगलंच. पण छडी, कान पिरगाळणं, वर्गाबाहेर उन्हात उभं करणं ही शिस्त नाही, आणि मुलांशी क्रूर वागण्याबद्दलचा 2015 चा जुवेनाईल जस्टिस कायदा धर्म बघून लागू होत नाही. घाबरलेलं मूल वाचताना चुकायला घाबरतं, आणि चुकल्याशिवाय वाचता येत नाही. आपण पालकच सिस्टरना सांगतो ना, "मारा पण शिकवा", ते आधी बंद केलं पाहिजे.

मग घरी तपासायचं कसं? फार सोपं आहे. प्रथम संस्थेची असर पाहणी 2005 पासून गावोगाव हेच करते, मुलाला घरी जाऊन वाचायला देते, त्यात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. तुम्हीही करा, फक्त शाळेचं पुस्तक वापरू नका कारण ते पाठ असतं. ग्रंथालयातलं एखादं गोष्टीचं पुस्तक किंवा वर्तमानपत्राची मुलांची पुरवणी घ्या. सरकारच्या निपुण कार्यक्रमाचं माप असं की तिसरीतल्या मुलाने समजून मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. घड्याळ लावा, पण घड्याळापेक्षा नंतर विचारलेले दोन प्रश्न महत्त्वाचे. इंग्लिश मीडियमचं मूल असेल तर दोन्ही भाषांत करा, म्हणजे कुठला बैल बसलाय ते कळेल.

आणि समजा मूल आधीच तिथे शिकतंय आणि अडकलंय, तर लगेच दाखला काढायची घाई नको. शाळा बदलली की मूल तिथेच अडकलेलं राहतं, फक्त बाई नवीन. आधी वर्गशिक्षिकेला भेटा, पालकसभेच्या गर्दीत नाही, वेगळी वेळ मागून. मार्क किती हे विचारू नका. विचारा की हा कुठे अडखळतो, जोडाक्षराला की अर्थाला, आणि त्यासाठी पुढचे दोन महिने तुम्ही काय कराल आणि आम्ही घरी काय करायचं. ज्या बाई या प्रश्नाचं उत्तर देतात त्यांना धरून राहा, शाळा कुठलीही असो. उत्तर मिळालं नाही तर मुख्याध्यापिका सिस्टरकडे जा, आणि एकटे जाऊ नका, ज्यांची मुलं अशीच मागे आहेत ते पालक बरोबर घ्या, त्यातले बरेचसे हमाली करणारे, धुणी-भांडी करणारे, एमआयडीसीत शिफ्टला जाणारे असतात आणि शाळेच्या गेटच्या आत यायला बिचकतात. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, 2011 च्या फी कायद्यात त्याची कार्यकारी समितीसुद्धा आहे आणि फी ठरवायला ती लागते, तर त्या समितीत फीबरोबर हाही विषय घ्यायला लावा, तिसरीत न वाचणारी मुलं किती आणि त्यांच्यासाठी आठवड्यातला कुठला तास ठेवलाय.